बुडालेल्या शाळेच्या नांग्या कधी भरायच्या?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या पत्रिकेवर पहिला विषय कापसाचा, दुसरा पीकविम्याचा आणि तिसऱ्या ओळीत 'शाळेचे बुडालेले दिवस' असे लिहिलेले पाहून आत येताना दोघातिघांनी आम्हाला अडवले. हे काय नवीन काढले? शाळेचे मास्तर बघतील, आपण भावाचे बघू. आम्ही म्हटले, तिसऱ्या विषयापर्यंत थांबा, मग बोलू. ते थांबलेले दिसतात. तेव्हा आता बोलणे भाग आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. सीना, मांजरा, गोदावरी सगळ्या एकदम उठल्या. उभी कपाशी पाण्यात, सोयाबीन पाण्यात, काही ठिकाणी माती सुद्धा वाहून गेली. त्या दिवसांत आम्ही पंचनाम्यांच्या मागे गावोगाव फिरत होतो. एका गावात तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक अशी सगळी मंडळी बांधावर उभी असताना एक बाई पुढे आल्या. त्यांनी विचारले, की जमिनीचा पंचनामा झाला, घराच्या भिंतीचा झाला, आता पोरीच्या शाळेचा पंचनामा कोण करतो? लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांची मुलगी सातवीत, शेजारच्या गावी एसटीने जाते. शाळा सहा दिवस बंद राहिली. पुढे शाळा उघडली, पण मधल्या पुलाचा भराव खचलेला, एसटी येईना. शाळेच्या हजेरीपटावर कामाचे दिवस सुरू झाले आणि ही मुलगी घरी बसलेली. म्हणजे कागदावर शाळा सहा दिवस बुडाली. मुलीची किती बुडाली, याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

मग ते सहा दिवस भरून काढायचे ठरले. कसे? दिवाळीनंतरचे सहा रविवार शाळा. आता दिवाळीनंतरचा रविवार म्हणजे आपल्याकडे काय असतो? वेचणी. आठवडाभर मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोमागे तो मागेल तो दर. रविवारी घरातले झाडून सगळे रानात. त्या रविवारी निम्मी मुलेही शाळेत आली नाहीत. जी आली त्यांना मास्तरांनी गाणी म्हणायला लावली, कारण निम्म्या वर्गाला धडा शिकवला तर तो पुन्हा शिकवावाच लागणार. वर पाठवायच्या अहवालात सहा दिवस मात्र भरले. यात मास्तरांचा दोष आम्ही काढत नाही. वरून आदेश आला, त्यांनी पाळला.

आम्ही शेतकीचे शिकलेले. आम्हाला हे ऐकून एकच गोष्ट आठवली, आणि ती तुम्ही सगळे जाणता. कपाशीची उगवण विरळ झाली, तासात नांग्या पडल्या, तर त्या कधी भरायच्या? आठ-दहा दिवसांत. शहाणा शेतकरी पेरणीच्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडे बी लावून ठेवतो, म्हणजे नांगी पडली की त्याच वयाचे रोप तिथे बसवता येते. महिन्याने बी टोचले तर ते उगवते, नाही असे नाही. पण आजूबाजूची झाडे वर गेलेली असतात. त्या रोपाला ऊन मिळत नाही, ते सावलीत पिवळे पडून राहते. हजेरी घेतली तर झाड आहे. बोंड नाही.

शाळेचे तसेच आहे. सातवीत त्या सहा दिवसांत अपूर्णांक चालले होते असे धरा. ते हुकले आणि पुढे शेकडेवारी सुरू झाली, तर ती मुलगी शेकडेवारीच्या सावलीत गेली. तुम्ही म्हणाल, शेकडेवारी न येऊन कुणाचे अडले? अडते. कापूस घेऊन केंद्रावर जातो तेव्हा ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर माल परत, असा हिशेब असतो. किती क्विंटलला किती कापले, हे आपल्यापैकी किती जण जागच्या जागी तोंडी करतात? ग्रेडर सांगेल ते ऐकून आपण पावती खिशात घालतो. तेव्हा हा विषय कापसाच्या विषयापासून फार लांबचा नाही.

आता जरा आकडे घेऊ. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे: पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १,००० तास. आपल्याकडे वर्षात रविवार सोडून सुट्ट्या ७६ च्या वर द्यायच्या नाहीत असा दंडक आहे. ३६५ मधून ५२ रविवार काढा, ७६ सुट्ट्या काढा. उरले २३७. म्हणजे धाकट्या वर्गांना ३७ दिवसांची आणि सहावी ते आठवीला १७ दिवसांची मोकळीक मुळातच आहे. माध्यमिक शाळा संहिता २३० दिवस मागते, तिथे मात्र सातच दिवस उरतात. निवडणुकीचे केंद्र, प्रशिक्षण, सर्वेक्षण यांत ही मोकळीक आधीच झिजलेली असते, तो भाग वेगळा.

याचा अर्थ असा, की चार-सहा दिवस शाळा बंद राहिली म्हणून लगेच कायदा मोडत नाही. दिवस भरण्याची जी घाई होते ती रकाना भरण्याची घाई असते. खरे भरायचे असतात ते तास. सातवीचा दिवस सरासरी साडेचार तासांचा. सहा दिवसांचे झाले २७ तास. आता रोज अर्धा तास शाळा वाढवली, पाच दिवसांचे अडीच तास झाले. आपल्याकडे शनिवारी सकाळची अर्धी शाळा असते, ती दोन तासांनी लांबवली. अडीच आणि दोन, साडेचार. आठवड्याला एक बुडालेला दिवस परत आला. सहा आठवड्यांत सहा दिवस. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी कापणे नाही, मे महिना नाही. जे मूल त्या दिवशी शाळेत आलेलेच आहे, त्याच्याच पदरात हे तास पडतात. नवा दिवस काढला तर त्या दिवशी मूल येईलच याचा भरवसा नाही. रविवारी काम केले की शिक्षक बदली सुट्टी मागणार, त्यात त्यांचे काही चुकत नाही, आणि मग तो दिवस पुन्हा बुडणार.

अर्धा तास वाढवा म्हणणे सोपे आहे. त्यात अडचण एसटीची. शाळा पाचला सुटते आणि गाडी सव्वापाचला असते. शाळा साडेपाचला सुटली तर मुलींना पुढची गाडी सात वाजता, तीही आली तर. मानव विकासच्या निळ्या गाड्या मुलींसाठीच दिलेल्या आहेत, पण त्यांचेही वेळापत्रक आगारात ठरते, शाळेत नाही. हा अर्धा तास सुटण्याच्या वेळी न वाढवता सकाळी भरण्याच्या वेळी वाढवायचा तर सकाळची गाडी अलीकडे आणावी लागते. शेजारच्या गावांतून मुली येतात अशा प्रत्येक शाळेसाठी आगार व्यवस्थापकाला पत्र दिल्याशिवाय हे जमणार नाही. एका गावात हे पत्र न देता शाळा लांबवली, आणि तीन दिवसांनी आयांनीच मुलींना पाठवणे बंद केले. अंधारात फाट्यावर उभी राहणारी मुलगी कुणाला चालेल?

दुसरा मार्ग खात्याला नेहमी सुचतो तो एप्रिलचा. त्याची गोष्टही सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा ते दुसरीत होते. मधे १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. कल्पना चांगली होती: मागच्या वर्षीचे जे अडले असेल ते आधी घ्या, मग पुढचे. पण शाळा बंद, तेव्हा तो मोबाईलवर. आणि मोबाईल बापाच्या खिशात, बाप रानात. मग २०२२ च्या मार्चमध्ये आदेश निघाला, एप्रिल अखेरपर्यंत पूर्ण वेळ शाळा भरवा. जवळपास पावणेदोन वर्षांचा खाडा, आणि तो भरायचा एप्रिलच्या उन्हात.

पुढच्याच वर्षी उलटे झाले. उन्हाचा कहर म्हणून २१ एप्रिल २०२३ पासून राज्यभर सुट्टी. २०२५ साली पुन्हा फिरले. पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालवायच्या, सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक. परीक्षा लवकर उरकल्या की उरलेले दिवस वाया जातात हे खात्याचे म्हणणे खोटे नाही. पण एप्रिलच्या शेवटी अकोला-चंद्रपूरचा पारा ४४-४५ वर असतो हेही खोटे नाही. पत्र्याच्या खोलीत, गावाला टँकर चालू असताना, सातवीची मुले गणिताचा पेपर लिहितात आणि पुण्यात पंखा फिरत असतो. विदर्भाची शाळा जूनमध्ये उशिरा उघडते हे सरकारला मान्य आहे. कोकण-पुण्याच्या शाळा १६ जून २०२५ ला उघडल्या, विदर्भाच्या २३ ला. मग उघडताना ऊन वेगळे, आणि बंद करताना ऊन सारखे, हे कसे?

आणि एप्रिलमध्ये शाळा लांबवायचीच असेल तर जेवण आणि पाणी आधी. पोषण आहारात धाकट्यांना रोजचे १०० ग्रॅम धान्य, मोठ्यांना १५० ग्रॅम. ज्या दिवशी शाळा नाही त्या दिवशी हे ताट नाही. घरात धान्याची कोठी रिकामी आहे अशा घरात शाळा बुडणे म्हणजे काय, हे आपल्या सभेत सांगायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवले आहे, की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही हे जेवण द्या. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यातल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे, मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

आता थोडे बंद करण्याबद्दल. भरून काढण्याच्या गोष्टी आपण करतो, पण मुळात इतकी शाळा बंद का होते? पावसाचा इशारा आला की जिल्हाधिकारी रात्री आदेश काढतात, सगळ्या जिल्ह्याच्या शाळांना उद्या सुट्टी. आदेश मोबाईलवर फिरतो, कुठे पोचतो, कुठे नाही. सकाळी निम्मी मुले गाडीत बसलेली असतात. जिल्ह्याच्या एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला कडक ऊन, तिथल्या शाळेला कुलूप. आता गंमत बघा. तुम्हाला नुकसानभरपाई द्यायची वेळ येते तेव्हा हेच सरकार काय म्हणते? महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला असेल तरच अतिवृष्टी. ६४ पडला तर पिकाचा चिखल झाला तरी ती अतिवृष्टी नाही. आमचे पैसे मोजताना मंडळ-मंडळ, आणि पोरांची शाळा बंद करताना अख्खा जिल्हा! जे माप देण्याला लावता तेच माप बंद करण्याला लावा. पुराचा, विजेचा धोका जिथे आहे तिथे शाळा जरूर बंद ठेवा, मुलांच्या जिवापुढे कुठलाच तास मोठा नाही. पण ते मंडळापुरते, आणि निर्णय त्या भागातल्या मुख्याध्यापकाला नि ग्रामपंचायतीला विचारून. एवढे झाले तरी भरून काढायचे दिवस निम्मे कमी होतील असे आमचे मत आहे.

हे ठरवायचा अधिकार कुणाचा? कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. त्यात स्पष्ट लिहिले आहे, शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे. आपल्यासाठी स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. म्हणजे पुण्याहून तारीख येण्याची वाट बघायचे कारण नाही. पण २०२२ पासून कितीतरी जिल्हा परिषदांचा कारभार बराच काळ प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक पुण्याकडे बघतो, त्याला कपाशीची वेचणी कशी दिसणार? आणि खाली शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असे कलम २१ म्हणते. शाळेचा आराखडा तिने करायचा आहे. आपल्यापैकी कितीजण त्या समितीवर आहेत? हात वर करा. बरेच आहेत. आणि कितीजणांनी आजवर सहीशिवाय दुसरे काही केले? असू द्या, हात खाली घ्या.

आता आपल्याच अंगावर घ्यायची गोष्ट. पाऊस सहा दिवस शाळा बुडवतो, आपण साठ दिवस बुडवतो. वेचणीला मुलगी, जनावरामागे मुलगा. बीडकडची, पाथर्डीकडची मंडळी दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात, त्यांची पोरे कोयत्याबरोबर जातात. हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती वेळेवर सुरू होतील तेव्हा. आई गेल्यावर महिन्याने वसतिगृह उघडले तर मूल मागे राहील कसे? या मुलांसाठी जानेवारीतले जादा तास काही उपयोगाचे नाहीत. पावसाळ्यात जे बुडाले ते त्यांना निघण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मिळायला हवे. आम्हाला कुणी विचारते, तुमच्या संघटनेचे लोकच पोरांना शाळेतून काढतात की! काढतात. वेचणीचा दर परवडत नाही म्हणून काढतात, आणि तो परवडत नाही कारण कापसाला भाव नाही. हा प्रश्न शेवटी भावापाशी येतो हे आम्ही वीस ठिकाणी सांगितले आहे. पण भाव मिळेपर्यंत सातवीतली मुलगी सातवीत थांबत नाही. तिचे वर्ष निघून जाते.

म्हणून आम्ही या बैठकीपुढे असे ठेवतो. दिनदर्शिका तालुक्याच्या पिकावर ठरू द्या. कपाशीच्या तालुक्यात पोळ्यानंतर पहिली वेचणी येईपर्यंतचे दिवस आणि संक्रांतीनंतर मार्चच्या मध्यापर्यंतचे दिवस हे जादा तासांचे खरे दिवस. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चला काढणी असते, तिथे संक्रांतीनंतरचे चालणार नाही, तिथल्या लोकांनी आपले वेगळे सांगावे. खरिपाचा पाऊस लांबला तर काय पेरायचे याचा आराखडा कृषी विद्यापीठ आधीच काढून ठेवते. जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग-उडीद सोडा, पंधरवडा उलटला की कपाशी सोडा, सूर्यफूल, तूर, बाजरीकडे वळा. तसाच शाळेचा आराखडा जूनमध्येच हवा. तीन दिवस बुडाले तर काय, दहा बुडाले तर काय, महिना बुडाला तर काय, आणि कुठले धडे आधी घ्यायचे, हे पाऊस पडायच्या आधी लिहून भिंतीवर लावलेले असावे. पिशवीतली रोपे पेरणीच्या दिवशी लावतात, नांगी पडल्यावर नाही.

महिना बुडाला तर अर्ध्या तासाने भागणार नाही हे उघड आहे. तेव्हा एप्रिलची सकाळची शाळा, सात ते साडेदहा, पाण्याची आणि जेवणाची सोय पाहून, याला आमची ना नाही. फक्त ते गावाला विचारून व्हावे, आणि ज्या मुलांचे बुडाले त्यांच्यापुरते व्हावे.

शिक्षक बंधू-भगिनी दोनचार इथे मागे बसलेले दिसतात. त्यांना एवढेच सांगणे, की हा तुमच्यावर भार टाकण्याचा ठराव नाही. कायद्यात तुमचे आठवड्याचे ४५ तास तयारीसकट धरलेले आहेत, त्याच्या आत हे बसते का ते तुम्हीच मांडून दाखवा. बसत नसेल तर तसे सांगा, आम्ही ठराव बदलू. चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्या मास्तरांचीही गाडी चुकते, हे आम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या तालुका बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत. शाळेच्या या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी. गावाच्या फाट्यावर सकाळ-संध्याकाळ एसटी कधी येते त्याच्या वेळा, छापील नव्हे, खऱ्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावे. पहिल्या दोन कागदांवरून आपण तालुक्याचा आराखडा मांडू आणि तो शिक्षणाधिकाऱ्यांना आणि आगार व्यवस्थापकांना एकाच दिवशी देऊ. ज्या बाईंनी तो प्रश्न विचारला होता त्यांना आम्ही या बैठकीला बोलावले होते. वेचणी चालू आहे म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत. तालुक्याला येतो म्हणाल्या आहेत.